बाबांचे पाय, काशाची वाटी आणि गल्लीतला दवाखाना: चालू ठेवावं का?

अमलताश
१८ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ६९ वर्षांचे. मधुमेहाला १७ वर्षं झाली. जन्मभर सायकलवर ऑफिसला गेले, अजून भाजीही सायकलवरच आणतात. वर्षभरापासून रात्री तळपायांची आग होते म्हणतात, पांघरुणाबाहेर पाय काढून झोपतात. टाचांना भेगा आहेत आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कुरूप झालंय.

नागपुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक छोटा दवाखाना आहे. त्यांच्याच घराच्या खालच्या दोन खोल्या. सासरे आयुर्वेदाचे वैद्य, सून फिजिओथेरपिस्ट. सासूबाई नंबर लावतात आणि आलेल्याला आधी माठातलं पाणी देतात. तिथे नखं कापणं, घट्टे तासणं, भेगांची मलमपट्टी होते. शिवाय पादाभ्यंग म्हणजे पायांना तेलाची मालिश, तळव्यांना काशाची वाटी घासणं, रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळपायावरच्या ठरावीक जागा दाबणं, आणि औषधी पाण्यात पाय बुडवून शेक. बाबा सहा वेळा जाऊन आले. तिथून आले की शांत असतात, रात्री झोप लागते.

भाऊ बंगळुरूला असतो. तो म्हणतो हे सगळं थोतांड, बंद करा. आई म्हणते, वर्षभरात पहिल्यांदा माणूस झोपतोय, तू तिथे बसून बंद करायला सांगू नकोस. दोघांमध्ये मी.

मधुमेहात पायांना मालिश चालते का? रिफ्लेक्सॉलॉजीचा खरंच उपयोग असतो का? दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं चांगली आहेत.

निंबोणी
१८ एप्रिल, रात्री १०:१५

चालू ठेवा. माझ्या सासूबाईंची किमोथेरपी चालू असताना एक बाई घरी येऊन त्यांच्या तळपायांना रिफ्लेक्सॉलॉजी करायच्या. आजार त्याने गेला नाही, जाणार नव्हताच. पण त्या अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. दिवसभर लोक सुया टोचायला, रक्त काढायलाच हात लावत होते. बरं वाटावं म्हणून हात लावणारं एक माणूस होतं.

सडेतोड
१८ एप्रिल, रात्री १०:४०

निंबोणी, तुमच्या सासूबाईंना आराम मिळाला हे मी नाकारत नाही. पण रिफ्लेक्सॉलॉजीचा दावा आरामाचा नसतो. तळपायावर अमुक ठिकाणी दाबलं की यकृत सुधारतं, तमुक ठिकाणी दाबलं की स्वादुपिंड, असा तो असतो. हे नकाशे विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाले. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घसा डॉक्टरने शरीराचे दहा पट्टे कल्पिले, मग १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी ते तळपायावर आणले. शरीरशास्त्रात तळपाय आणि स्वादुपिंड यांच्यात असली कुठलीही वाट नाही. अभ्यासांचे जे आढावे झाले त्यांत एकाही आजारावर याचा खात्रीशीर गुण दिसलेला नाही.

आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं आपल्याकडे १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. दवाखान्यात तसा फलक असेल तर त्याच पावली परत या.

अमलताश
१८ एप्रिल, रात्री १०:५२

नाही, तसा फलक नाही. उलट वैद्यकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की साखरेच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांच्या चालू राहतील, त्यांना मी हात लावणार नाही.

पोट्टं_महालचं
१८ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, मंग त माणूस चांगला हाय. आमच्या गल्लीत एक जण होता, त्यानं माह्या मावशीच्या गोळ्याच बंद केल्या होत्या. साखर ४०० च्या वर गेली तवा समजलं.

मुठाकाठ
१९ एप्रिल, सकाळी ७:३०

अवांतर होतंय, पण कुरूप म्हणजे आमच्याकडे पुण्यात जिला भोवरी म्हणतात तीच ना? आणि घट्टा वेगळा?

वर्धेकाठ
१९ एप्रिल, सकाळी ८:१०

कुरूप आणि भोवरी एकच. मध्ये कठीण खिळ्यासारखा गाभा असतो आणि तो आत रुततो. घट्टा पसरट असतो, त्याला गाभा नसतो. दोन्ही एकाच कारणाने होतात. त्या जागी हाड आणि चप्पल यांच्यामध्ये कातडी रोज दाबली जाते, घासली जाते. म्हणून नुसतं कापून उपयोग नाही, दाब तसाच राहिला तर महिन्याभरात परत येतं.

अमलताशताई, मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो, पण "अंगठ्याच्या बुडाशी" वाचलं आणि राहवलं नाही. मी कुष्ठरोग कार्यक्रमात ३१ वर्षं निमवैद्यकीय कर्मचारी होतो. विदर्भाला बधिर पाय नवे नाहीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन. त्या काळी लोकांना वाटायचं की या रोगात बोटं आपोआप सडून गळतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस सडत नसतं. मज्जातंतू गेल्यामुळे दुखणं कळत नाही, माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि त्या चालण्याने पाय जातो.

मी हे रोज बघितलंय. माणूस हसत बोलत समोर बसलेला, आणि तळपायात इंचभर खिळा. पहिली जखम बहुतेक वेळा कुठे व्हायची? अंगठ्याच्या बुडाशी, घट्ट्याखाली. वरून घट्टा दिसतो आणि खाली रक्त साकळलेलं असतं.

बाबांचे पाय बधिर आहेत का, हे कुणी तपासलंय का? आग होते म्हणजे जाणीव शाबूत आहे असं समजू नका. आग आणि बधिरपणा एकाच पायात नांदतात.

अमलताश
१९ एप्रिल, सकाळी ८:४०

वर्धेकाठकाका, हे मला माहीतच नव्हतं. आग होते म्हणजे पाय जागे आहेत अशीच आमची समजूत होती. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मला सगळं कळतं, उगाच काळजी करू नकोस."

पळसफूल
१९ एप्रिल, दुपारी २:२०

मी शल्यचिकित्सक आहे, मधुमेही पायांच्या जखमा हे माझं रोजचं काम. वर्धेकाठ यांनी मुद्द्यालाच हात घातला आहे.

अमलताश, पाय कसा आहे ते कळल्याशिवाय मालिश चालेल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. तीन गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांना दहा मिनिटं पुरतात.

पहिली, स्पर्श. नायलॉनचा एक जाड धागा असतो, तो १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. डोळे मिटायला सांगून तळपायावर ठरलेल्या जागी तो टेकवायचा. घट्ट्यावर टेकवायचा नाही, तिथे चांगल्या पायालाही कळत नाही. सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते बघायचं.

दुसरी, रक्तपुरवठा. एक नाडी पायाच्या पाठीवर आणि एक आतल्या घोट्यामागे लागते. ती लागत नसेल तर डॉपलर नावाच्या यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्यात.

तिसरी, पायाचा आकार आणि कातडी. वाकडी बोटं, घट्टे, भेगा, बोटांमधल्या चिखल्या, नखुरडं.

घरी आज रात्रीच करता येईल अशी एक सोपी चाचणी सांगते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ती बसवली. बाबांना डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीने त्यांच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, एकदा चुकलं तर परत करायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर जाणीव कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जा. सहाही कळले तरी धाग्याची तपासणी दरवर्षी करायचीच.

आणि हो, बाबा तंबाखूचा खर्रा खातात का?

पोट्टं_महालचं
१९ एप्रिल, दुपारी २:४५

डॉक्टरबाई नागपूरच्याच दिसते, बरोबर खर्ऱ्यावर आल्या 😄

अमलताश
१९ एप्रिल, दुपारी ३:००

खातात. दिवसातून दोन. "सोडला" असं दर दिवाळीत जाहीर होतं.

पळसफूल
१९ एप्रिल, दुपारी ३:१०

बाबांना सांगा, कुठल्याही मालिशीने पायात जेवढं रक्त येईल त्यापेक्षा जास्त तंबाखू सोडल्याने टिकेल.

सांजवात
१९ एप्रिल, रात्री ९:३०

दिवसभर विचार करत होते लिहावं की नाही.

माझी आई मे महिन्यात देवळात गेली होती. दुपारचे साडेबारा. नागपूरचा मे, पारा ४५च्या पुढे. चपला बाहेर काढून फरशीवरून प्रदक्षिणा घातल्या, अकरा. सोबतच्या बायका उड्या मारत सावलीत पळत होत्या, आई शांतपणे चालत होती. त्या म्हणाल्या, काय श्रद्धा आहे हो तुमच्या आईची.

संध्याकाळी मी फरशी पुसत होते तर ओले ठसे उमटलेले दिसले. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते आणि तिला माहीतच नव्हतं. हळद लावली, तूप लावलं, ओळखीच्या एका मालिशवाल्याने गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितले, तेही केलं. पाचव्या दिवशी वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

अमलताश, तुम्ही तो शेक लिहिलाय ना, त्यावर मला बोलायचं होतं. पाणी किती गरम आहे हे बाबांना विचारून ठरवू नका. दुसऱ्या कुणाचं तरी कोपर त्या पाण्यात घाला. मी हे आता लग्नात भेटलेल्या अनोळखी बायकांनाही सांगते.

निंबोणी
१९ एप्रिल, रात्री ९:५०

सांजवात, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वर "चालू ठेवा" असं एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. सासूबाईंना मधुमेह नव्हता, त्यांना सगळं कळत होतं. हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही.

भंडारेकर
२० एप्रिल, सकाळी ११:००

काशाच्या वाटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं भंडारा पितळी भांड्यांचं गाव. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात भांडी घडवायचा धंदा होता, त्यामुळे धातू थोडा कळतो.

कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप किंवा तेल लावून वाटी तळव्यावर घासली की तळवा काळा पडतो आणि लोक म्हणतात, बघा उष्णता निघाली, विष निघालं. तसं काही निघत नसतं. तो काळेपणा धातूचाच असतो. घासल्याने वाटी थोडी झिजते, तांबं तुपाशी आणि घामाशी मिळून काळं पडतं. काळं वाटी टाकते, पाय नाही. जितकं काळं तितका रोग जास्त, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं.

पण आजी आजोबांना रोज रात्री वाटी लावायची आणि आजोबा पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे, हेही मी बघितलेलं आहे. तुपाने भेगा मऊ व्हायच्या. आणि एक गोष्ट मला आता सांजवात यांचं वाचून सुचली. आजी रोज आजोबांचे तळवे दिव्याच्या उजेडात डोळ्यांजवळ घेऊन बघायची. काटा असला तर तिलाच आधी सापडायचा.

वर्धेकाठ
२० एप्रिल, सकाळी ११:४०

भंडारेकर, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. आम्ही रुग्णांना हेच शिकवायचो. रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, उजेडात पाय बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

मुठाकाठ
२० एप्रिल, दुपारी १:१५

कुरुपावर मेडिकलच्या दुकानात पट्टी मिळते ती चालेल का? मी स्वतः वापरली आहे, चार दिवसांत निघालं.

पळसफूल
२० एप्रिल, दुपारी ४:००

मधुमेह नसेल आणि पाय शाबूत असतील तर चालते. मधुमेहात अजिबात नको. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कठीण कातडी विरघळवतं, पण कठीण कुठे संपली आणि चांगली कुठे सुरू झाली हे त्याला कळत नाही. बधिर पायाला ते जाळत खाली गेलं तरी पत्ता लागत नाही. ब्लेडने घरी कापणंही नको. घट्टा तासायचा तो सरावलेल्या हातानेच, निर्जंतुक पात्याने. या बाबतीत अमलताश यांच्या गल्लीतला दवाखाना मोलाचा ठरू शकतो. मोठ्या रुग्णालयात जखम झाल्यावर सगळे धावतात, पण नुसती नखं कापून द्यायला आणि घट्टा तासायला तिथे कुणाला वेळ नसतो. ७० वर्षांच्या, नजर अधू झालेल्या, गुडघे न वाकणाऱ्या माणसाने नखं कापायची कशी? बहुतेक जखमा अशा साध्या गोष्टींपासून सुरू होतात.

मालिश कधी करायचीच नाही तेही सांगते. उघडी जखम किंवा पू असेल तर नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि बधिर पाय जखम नसताना अचानक लाल, गरम, सुजलेला झाला आणि दुखत मात्र फारसा नाही, तर मुळीच नाही. त्याला शार्को पाय म्हणतात. आत हाडं मोडत असतात आणि माणूस चालत असतो. लोक मुरगळलं समजून चोळतात. त्याला लगेच पायावरचा भार काढून प्लास्टर लागतं.

चालतोय_अजून
२० एप्रिल, रात्री ८:३०

मी उभ्याने नोकरी करणारा माणूस, मधुमेह नाही. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुरी घुसल्यासारखं व्हायचं, चार पावलं चाललं की कमी. दोन वर्षं टाचेखाली वीट गरम करून शेकली. शेवटी मानेवाड्यातल्या एका फिजिओकडे गेलो. त्यांनी पोटऱ्या ताणायचा व्यायाम दिला, बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली फिरवायला सांगितली आणि घरात अनवाणी फिरणं बंद केलं. तीन महिन्यांत फरक पडला. धाग्याचा विषय मधुमेहाचा झालाय, पण टाचदुखीवाला कुणी वाचत असेल तर त्याच्या कामी येईल.

सडेतोड
२० एप्रिल, रात्री ९:१०

पळसफूल, पटलं. पण मग मूळ आक्षेप राहतोच. लोक रिफ्लेक्सॉलॉजीच्या भरवशावर तपासणी टाळतात. बरं वाटतंय म्हटल्यावर कोण डॉपलर करायला जाईल?

पळसफूल
२० एप्रिल, रात्री ९:४०

आक्षेप योग्य आहे. माझ्याकडे तसे रुग्ण येतात. पण उलटेही येतात. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेल्या एका वैद्यांनी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलेला रुग्ण मला आठवतो. पायाच्या नाड्या लागत नाहीत, जळू लावणार नाही, आधी रोहिण्या बघा, एवढंच लिहिलेलं. त्या चिठ्ठीने त्या माणसाचा पाय वाचला. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे गुण सांगताना पायांच्या "सुप्ती"चा उल्लेख आहे, म्हणजे बधिरपणा लोकांनी तेव्हाही ओळखला होता. मालिशीने मधुमेहातला बधिरपणा परत फिरतो असं मात्र मी म्हणणार नाही, मेलेला तंतू चोळून जागा होत नाही.

मी दवाखाना पारखताना एवढंच बघते की हे लोक कुणाला परत पाठवतात का. येईल त्या प्रत्येकाला पाटावर बसवून तेल लावणाऱ्याकडे मी माझ्या वडिलांना पाठवणार नाही.

पोट्टं_महालचं
२१ एप्रिल, रात्री १०:२०

मी काल बाबाले डोळे मिटाले लावून ते सहा बोटांचं केलं. बाबा म्हने हे काय नाटक हाय. पाच कळले, एक नाही. आईचे सहाच्या सहा. मंग आईनं माह्यावर केलं, मी हसून राहिलो तर तिनं पाठीत धपाटा घातला, तो बरोबर कळला. बाबाले सोमवारी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेतो.

अमलताश
२१ एप्रिल, रात्री ११:३०

आम्हीही केलं. मी दोनदा बोट टेकवून उचललं तरी बाबा डोळे मिटून "हं, कर ना सुरू" म्हणत होते. उजव्या पायाची तिन्ही कळली नाहीत, डावीकडचं एक. आई काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

उद्या आधी त्या दवाखान्यात जाणार आहे आणि विचारणार आहे, सहा वेळा पाय हातात घेतलात तर तुम्हाला हे दिसलं कसं नाही.

सांजवात
२१ एप्रिल, रात्री ११:४५

जा. आणि बाबांच्या चपला सोबत न्या. आतून हात फिरवून बघा.

अमलताश
२३ एप्रिल, रात्री १०:००

सगळं सांगते, कारण मी रागात गेले होते आणि गोष्ट वेगळीच निघाली.

सूनबाईंनी शांतपणे बाबांची फाइल काढली. दुसऱ्याच भेटीत त्यांनी नायलॉनच्या धाग्याची तपासणी केली होती. उजव्या पायाला दहापैकी चार जागी कळलं, डाव्याला दहापैकी सात. खाली लिहिलेलं: "गरम शेक नाही, काशाची वाटी नाही, नाडी उजवीकडे क्षीण, डॉपलरसाठी चिठ्ठी दिली." चिठ्ठी बाबांकडे दिली होती. बाबांनी ती सायकलच्या सीटखाली घडी घालून ठेवली होती, आज सापडली.

म्हणजे बाबांना महिनाभर माहीत होतं. घरी सांगितलं नाही, कारण आम्ही सायकल बंद करू याची त्यांना भीती वाटली. शेक, वाटी हे सगळं मी त्यांच्या फलकावर वाचून गृहीत धरलं होतं. बाबांना तिथे फक्त हलक्या हाताने तेल लावत होते, बोटांच्या बेचक्या सोडून, आणि घट्टा तासत होते. रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे वैद्यकाका तळवे दाबत गप्पा मारत होते.

मी वैद्यकाकांना म्हटलं, तुम्ही घरी एक फोन का नाही केला? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "पेशंट शहाणा माणूस आहे, त्याने सांगू नका म्हटलं, मी ऐकलं. पण चिठ्ठी नेली का हे मी पुढच्या चारही वेळी विचारायला हवं होतं, ते चुकलं." सासूबाई आतून म्हणाल्या, मी विचारलं होतं, ते "हो" म्हणाले. माझा राग तिथेच उतरला, पण ही चूक लहान नाही असं मला अजून वाटतं आणि मी ते त्यांना सांगितलं.

सांजवात, चपला नेल्या होत्या. उजव्या चपलेच्या तळातून बाभळीचा काटा वर आलेला होता, बरोबर अंगठ्याच्या बुडाशी. सूनबाईंनी घट्टा तासला तर खाली काळपट डाग. सुदैवाने वरच्यावर होतं, पू नव्हता. त्यांनी लगेच हात थांबवला, स्वच्छ पट्टी लावली आणि त्याच दुपारी आम्हाला पुढे पाठवलं. डॉपलर झालं. डावा १.०, उजवा ०.८.

वर्धेकाठ
२३ एप्रिल, रात्री १०:२०

वेळेत सापडलं. ताई, आता एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल घ्या. दोन बोटांत दाबून बघायचं, निम्म्यापर्यंत दबलं पाहिजे. खालचा थर मात्र कडक, काटा आरपार येणार नाही असा. मागे पट्टा हवा, नाहीतर बधिर पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही. शिवलेली किंवा चिकटवलेली घ्या, खिळे मारलेली नको. पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायची, काढून पाय बघायचे, लाल डाग पडला तर परत न्यायची.

एक जपा. आमच्या कुष्ठरुग्णांना आम्ही रोज पाण्यात पाय भिजवायला सांगायचो, कारण त्यांचा घाम बंद होऊन कातडी चामड्यासारखी व्हायची. तुमच्या बाबांना तसं करू नका.

पळसफूल
२३ एप्रिल, रात्री १०:४५

बरोबर. मधुमेही पाय भिजत ठेवायचे नाहीत. कोमट पाण्याने धुवून बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना तेल किंवा व्हॅसलीन, बेचक्यांत काही नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल घ्यायचे नाहीत. पांढरे सुती मोजे घाला, रक्ताचा ठिपका पांढऱ्यावर दिसतो. देवळातही मोजे घालून जाऊ द्या. बाबांची जाणीव कमी, रक्तपुरवठाही कमी आणि त्यात जखम झालेली, म्हणजे ती पूर्ण भरल्यावरही दर १ ते ३ महिन्यांनी पायांची तपासणी. जखम भरेपर्यंत मात्र सायकल नाही, मालिश नाही. नंतर दोन्हीबद्दल बोलू.

सडेतोड
२४ एप्रिल, सकाळी ९:००

अमलताश, तुमच्या भावाच्या बाजूने मी इथे बोलत होतो. त्या सूनबाईंनी जे केलं ते उत्तम केलं, हे मी मोकळेपणाने लिहितो. रिफ्लेक्सॉलॉजीबद्दलचं माझं मत तेच आहे.

अमलताश
१४ मे, रात्री ९:१५

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहिते. जखम भरली. खर्रा बावीस दिवस बंद आहे, दिवाळीची वाट न बघता. भावाने एमसीआर चपलेचे पैसे पाठवले आणि रोज रात्री व्हिडिओवर बाबांचे तळवे बघतो. आई टॉर्च धरते. काशाची वाटी आता आई स्वतःला लावते.

आग अजून होते, डॉक्टरांनी त्यावर रात्रीची गोळी सुरू केली आहे, थोडी कमी आहे. पळसफूल, सायकल घराजवळ, बंद बूट घालून, सकाळी आठच्या आत चालेल असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय.

सूनबाईंनी तपासून हलकं तेल परत सुरू केलंय, फक्त पोटऱ्यांना आणि पायांच्या पाठीला. त्यांच्या फाइलवर आता माझा फोन नंबर आहे. उद्या नखं कापायची आहेत. सासूबाईंनी सकाळी साडेआठचा नंबर दिलाय, ऊन चढायच्या आत घरी परत या म्हणाल्या.

पोट्टं_महालचं
१४ मे, रात्री ९:४०

ताई, त्या दवाखान्याचं नाव मले निरोपात धाडा. बाबाचं धाग्यावालं झालं, दहापैकी आठ. नखं कापाले त्याले कोनीतरी पाहिजेच हाय, मले हात लावू देत नाही.